घरातील लघुलोहमार्ग : प्रमाण, चढाव आणि विस्तार

आगगाडीची प्रतिकृती करणे आणि लोहमार्गाची प्रतिकृती करणे या दोन गोष्टी एकच आहेत, असा सर्वसाधारण समज आढळतो. वस्तुतः त्यांत महत्त्वाचा भेद आहे. इंजिनाची प्रतिकृती ही एका वस्तूची प्रतिकृती होय. तिची सर्व मापे एकाच प्रमाणात लहान केली की ती पूर्ण झाली. लोहमार्गाची प्रतिकृती मात्र वस्तूची नसून व्यवहाराची असते. तीत जमीन असते, रूळ असतात, वीज असते, गाडीचे वजन व वेग असतो आणि गाड्या चालविण्याचे नियमही असतात. ही सर्व अंगे एकाच प्रमाणात लहान होत नाहीत, आणि काहींच्या बाबतीत तर ती लहान करणे शक्यच नसते. घराच्या एखाद्या खोलीत लघुलोहमार्ग मांडणाऱ्याच्या बहुतेक अडचणी या एका वस्तुस्थितीतून उद्‌भवतात. या अडचणींचे स्वरूप स्पष्ट करणे आणि त्यांच्या अनुरोधाने मांडणी कशी करावी व पुढे कशी वाढवावी याची तत्त्वे सांगणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनासाठी उदाहरणे शक्यतो सह्याद्रीतील घाटमार्गांची घेतली आहेत.

१. प्रमाण आणि माप

लघुलोहमार्गाच्या क्षेत्रात दोन संज्ञांची गल्लत नेहमी होते. ‘प्रमाण’ म्हणजे मूळ वस्तू व प्रतिकृती यांच्या लांबींचे गुणोत्तर, आणि ‘माप’ किंवा गेज म्हणजे दोन रुळांमधील अंतर. जर्मनीतील मर्कलिन या खेळण्यांच्या कारखान्याने १८९१ साली रुळांची निश्चित मापे ठरवून जोडता येण्याजोगे रूळ बाजारात आणले. एका वेळी घेतलेल्या सामानाला पुढे घेतलेले सामान जुळावे ही सोय तेव्हापासून झाली, आणि मांडणीचा विस्तार ही कल्पना तिच्यामुळेच व्यवहार्य झाली.

आज जगात सर्वाधिक प्रचलित असलेल्या ‘एच-ओ’ पद्धतीचे प्रमाण १ : ८७ असून तिचे माप १६.५ मिलीमीटर आहे. या मापास ८७ ने गुणले असता सुमारे १,४३५ मिलीमीटर हे युरोप-अमेरिकेतील प्रमाणभूत माप येते. भारतातील रुंदमापी मार्गाचे माप १,६७६ मिलीमीटर आहे. म्हणजे एच-ओ प्रमाणातील भारतीय गाडी तयार रुळांवर उभी केली, तर तिच्याखालील मार्ग असावा त्यापेक्षा सुमारे १४ टक्क्यांनी अरुंद दिसतो. हा दोष केवळ भारतीय छांदिष्टांच्या वाट्यास आलेला नाही. ब्रिटिश इंजिने आकाराने लहान असल्याने त्यांच्या एच-ओ प्रतिकृतींत त्या काळातील विद्युत्-चलित्रे मावत नसत. म्हणून तेथे गाड्यांचे प्रमाण वाढवून १ : ७६ करण्यात आले, पण रूळ मात्र १६.५ मिलीमीटरचेच ठेवले गेले. ही ‘ओ-ओ’ पद्धत सुमारे १२ टक्क्यांचा दोष पत्करून आजही ब्रिटनमध्ये सर्वमान्य आहे.

भारतीय रुंदमापापुरता या गुंत्यातून सुटण्याचा एक मार्ग अंकगणितातच आहे. एका फुटास तीन मिलीमीटर हे प्रमाण घेतले (म्हणजे सुमारे १ : १०१.६), तर साडेपाच फुटांचे रुंदमाप बरोबर १६.५ मिलीमीटर होते. तयार रूळ व चाके जशीच्या तशी वापरता येतात आणि मार्गाची रुंदीही खरी राहते. मात्र डबे, इंजिने व इमारती या प्रमाणात स्वतः कराव्या लागतात. त्रिमितीय छपाईची यंत्रे उपलब्ध झाल्यामुळे हे काम पूर्वीइतके दुष्कर राहिलेले नाही.

अरुंदमापी मार्गांची स्थिती याहून अनुकूल आहे. कुर्डुवाडी–बार्शी हा बार्शी लाइट रेल्वेचा पहिला मार्ग १८९७ साली सुरू झाला. त्याचे माप अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलीमीटर होते. ‘एन’ पद्धतीचे ९ मिलीमीटरचे तयार रूळ १ : ८७ प्रमाणात सुमारे ७८३ मिलीमीटर दर्शवितात, म्हणजे चूक तीन टक्क्यांहून कमी राहते. नेरळ–माथेरानच्या दोन फुटी मार्गासाठी ‘झेड’ पद्धतीचे ६.५ मिलीमीटरचे रूळ वापरल्यास ही चूक सुमारे सात टक्के येते. तयार रूळ आणि १ : ८७ हे रूढ प्रमाण एवढ्याच साधनांवर काम करणाऱ्यास म्हणूनच मुंबई–पुणे मार्गापेक्षा बार्शीचा मार्ग अधिक यथार्थपणे मांडता येतो.

२. लांबीचा प्रश्न : एक काल्पनिक घाट

प्रमाण ठरल्यावर पहिला आघात लांबीचा होतो. वांगणी या नावाची दोन गावे उत्तर कोकणात आहेत. एक बदलापूरच्या पुढे, मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरील स्थानक म्हणून परिचित आहे. दुसरे पालघर जिल्ह्याच्या जव्हार-मोखाडा भागात असून त्या दोन्ही तालुक्यांत लोहमार्ग नाही. पश्चिम रेल्वे किनाऱ्याच्या बाजूने जाते आणि मध्य रेल्वे कसारा–इगतपुरीचा थळ घाट चढते. या दोहोंमधील डोंगराळ मुलूख गाडीवाचून राहिला आहे. जेथे प्रत्यक्ष मार्ग नाही तेथे तो प्रतिकृतीत कल्पून पाहणे हा एक उपयुक्त अभ्यास होय, कारण त्यात नक्कल करण्यासारखे काही नसल्यामुळे केवळ भूमीचे व गणिताचे नियम उरतात.

जव्हार समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे. थळ आणि बोर या दोन्ही घाटांत सर्वांत तीव्र चढाव १ : ३७ आहे, म्हणजे ३७ मीटर अंतर चालल्यावर गाडी एक मीटर वर जाते. किनाऱ्याच्या पातळीपासून याच चढावाने, मध्ये कोठेही सपाट टप्पा न ठेवता, जव्हारची उंची गाठावयाची म्हटली तरी मार्गाची लांबी किमान १६.६५ किलोमीटर होते. १ : ८७ प्रमाणात हा मार्ग १९१ मीटर लांब व ५.१७ मीटर उंच होईल. दुमजली घरातही तो मावणार नाही. १ : १६० या ‘एन’ प्रमाणातदेखील लांबी १०४ मीटर व उंची २.८ मीटर राहते, आणि शेवटचे स्थानक छताला टेकते.

प्रत्यक्षात असलेल्या थळ घाटाची गोष्ट निराळी नाही. १८६५ साली खुला झालेला हा मार्ग सुमारे १५ किलोमीटरांत २९६ मीटर चढतो. १ : ८७ प्रमाणात त्याची लांबी १७२ मीटर व उंची ३.४ मीटर येते. याउलट, त्याच घाटातील एहेगावचा सुमारे ५५ मीटर उंचीचा पूल त्याच प्रमाणात अवघा ६३ सेंटीमीटर होतो आणि भिंतीलगतच्या मांडणीत खऱ्या उंचीने उभा करता येतो. तात्पर्य, एकाच घाटातील काही गोष्टी प्रमाणशीर लहान करता येतात आणि काही येत नाहीत.

यावर मांडणीकारांनी स्वीकारलेला उपाय ‘निवडक संकोच’ या नावाने ओळखता येईल. मार्गावरील ओळखीच्या खुणा खऱ्या प्रमाणात ठेवावयाच्या आणि त्यांच्यामधील अंतर निःसंकोचपणे छाटावयाचे, असे त्याचे स्वरूप आहे. महाराष्ट्रातील वाचकास ही युक्ती नवी वाटू नये. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले तीच योजतात. बुरुज, महादरवाजा आणि पायथ्याचे गाव ही तीन ठिकाणे त्यांना पुरतात. दरवाजापेक्षा मावळा उंच झाला तरी किल्ला ओळखू येतो. मात्र लघुलोहमार्गाला किल्ल्याहून एक बंधन अधिक आहे. त्यावरून गाडी प्रत्यक्ष चालावयाची असल्याने संकोच कोठेही केला तरी चालत नाही. आय.सी.एफ. पद्धतीच्या २४ डब्यांची गाडी, इंजिन सोडून, सुमारे ५३५ मीटर लांब असते. प्रतिकृतीत ती सहा मीटरांहून अधिक होते आणि सामान्य खोलीच्या भिंतीत मावत नाही. म्हणून गाडी पाच-सहा डब्यांची करावी लागते. गाडीची लांबी एकदा ठरली की फलाट, वळती लाइन व दोन स्थानकांमधील अंतर ही तिच्यावरूनच ठरविली पाहिजेत. फलाट खऱ्या लांबीचा आणि गाडी सहा डब्यांची, असे केल्यास दोन्ही खोटी दिसतात.

३. वळण

दुसरा संकोच वळणात होतो आणि त्याचे परिणाम अधिक गंभीर असतात. भारतीय रुंदमापी मार्गावर सर्वांत तीव्र वळण साधारणतः १० अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे धरले जाते. १ : ८७ प्रमाणात ही त्रिज्या दोन मीटर होते. केवळ गाडी माघारी वळविण्यासाठी चार मीटर रुंदीची खोली लागेल. बाजारात मिळणाऱ्या एच-ओ रुळांच्या सर्वांत लहान वळणाची त्रिज्या सुमारे ३६० मिलीमीटर असते, म्हणजे प्रत्यक्षातील केवळ ३१ मीटर.

अशा वळणावर लांब डब्याचे काय होते हे गणिताने सहज दाखविता येते. डब्याच्या दोन बोगींच्या मध्यांतील अंतराचा वर्ग करून त्यास त्रिज्येच्या आठपटीने भागले, की डब्याचा मध्यभाग रुळांच्या मध्यरेषेपासून आत किती सरकतो ते कळते. आय.सी.एफ. डब्यात हे अंतर १४.७८ मीटर आहे. १७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर त्याचा मध्य १५.६ सेंटीमीटर आत येतो, आणि प्रतिकृतीत हे १.८ मिलीमीटर व्हावे. ३६० मिलीमीटरच्या वळणावर मात्र तो १० मिलीमीटर आत येतो. शेजारच्या मार्गावरील गाडीस घासणे, बोगद्याच्या कडेस अडकणे, जोडणी सुटून डबा रुळांवरून उतरणे हे प्रकार या फरकातून होतात. म्हणून लांब डब्यांसाठी निदान ६० सेंटीमीटरची त्रिज्या राखणे, दृश्य भागात याहूनही मोठी वळणे ठेवणे आणि तीव्र वळणे बोगद्यात किंवा डोंगरामागे लपविणे, असा प्रघात पडला आहे.

तीव्र वळणांचा हा प्रश्न प्रत्यक्ष लोहमार्गांनाही पडलेला आहे. १९०७ साली सुरू झालेल्या नेरळ–माथेरान मार्गावर १ : २० इतका चढाव आणि पावलोपावली वळणे आहेत. त्यासाठी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने योजलेल्या वाफेच्या इंजिनांत क्लीन-लिंडनर पद्धतीचे पोकळ आस वापरले होते. त्यामुळे टोकाकडील चाके आतील आसावर किंचित वळू व सरकू शकत आणि इंजिन वळणात अडकत नसे. लघुप्रतिकृतींतील इंजिनांना मधल्या चाकांस जी बाजूची ढील ठेवतात, तिच्यामागील विचार हाच आहे. माथेरानच्या मार्गाची प्रतिकृती करणारा म्हणूनच दुहेरी लाभात असतो : त्याची तीव्र वळणे खोटी नसतात आणि त्याचे डबे मुळातच आखूड असतात.

४. वजन, रोध आणि जडत्व

लांबी ८७ पटींनी कमी केली की क्षेत्रफळ सुमारे साडेसात हजार पटींनी आणि घनफळ ६,५८,५०३ पटींनी कमी होते. आकार बदलला की सामर्थ्य व वजन यांचे नाते बदलते, हा विचार गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला होता. ११२.८ टन वजनाच्या डब्ल्यू-डी-एम-२ या डिझेल इंजिनाचे वजन या हिशेबाने अवघे १७१ ग्रॅम भरावे, आणि सुमारे ४० टनांच्या डब्याचे ६१ ग्रॅम. एवढा हलका डबा रुळांच्या किरकोळ उंचसखलपणानेही उतरतो. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन या संस्थेच्या शिफारशीप्रमाणे अशा लांबीच्या डब्याचे वजन सुमारे १७१ ग्रॅम ठेवावे लागते, म्हणजे गणिताने जेवढे संपूर्ण इंजिनाचे, तेवढे एका डब्याचे. वजनाच्या बाबतीत प्रमाण मोडणे हा येथे दोष नसून आवश्यकता आहे.

चढाव हे मात्र दोन लांबींचे गुणोत्तर असल्यामुळे प्रमाण बदलले तरी बदलत नाही. १ : ३७ चा घाट प्रतिकृतीतही १ : ३७ च असतो. रुळांवर चाकांची पकडही गुणोत्तराच्या स्वरूपाची आहे. सह्याद्रीतील मार्गांची प्रतिकृती करणाऱ्यास ही मोठी अनुकूलता होय. घाटाची लांबी सोडावी लागली तरी त्याचे खरेपण चढावात राखता येते. याला मर्यादा येते ती रोधामुळे. प्रत्यक्ष गाडीचा सपाट मार्गावरील रोध तिच्या वजनाच्या सहस्रांशांत मोजतात, तर प्रतिकृतीत तो शतांशांत असतो. त्यात वळणाचा रोध मिळविला की इंजिनाची शक्ती अपुरी पडते. म्हणून नवख्याने १ : ५० हून तीव्र चढाव घेऊ नये, असे सामान्यतः सांगतात. १ : ३७ साधावयाचा असल्यास गाडी आखूड ठेवावी किंवा कसारा आणि कर्जत येथे जे करतात तेच करावे, म्हणजे चढण्यापूर्वी साहाय्यक इंजिन लावावे. या जोडइंजिनांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. लघुइंजिनांत बहुधा मळसूत्री दंतचक्र असते. ते चलित्राने चाक फिरवू देते, पण चाकाने चलित्र फिरवू देत नाही. त्यामुळे दोन इंजिनांचे वेग सारखे नसतील तर जलद इंजिन मंद इंजिनास घसटत नेते. जोडी लावण्यापूर्वी त्यांचे वेग जुळवून घेणे अगत्याचे आहे.

सर्वांत मोठी विसंगती वेगात दिसते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी प्रतिकृतीत सेकंदास १९ सेंटीमीटर चालली पाहिजे, तरच ती डोळ्यांस खरी वाटते. परंतु जहाजांच्या प्रतिकृतींवर प्रयोग करणाऱ्या विल्यम फ्रूडने १९व्या शतकात दाखविले, की गुरुत्व आणि जडत्व यांचा मेळ राखावयाचा तर वेग लांबीच्या प्रमाणात नव्हे, तर तिच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी केला पाहिजे. त्या नियमाने प्रतिकृतीचा वेग सेकंदास सुमारे १.८ मीटर येतो, आणि चार मीटरांची भिंत गाडी सव्वादोन सेकंदांत ओलांडते. गतिशास्त्रदृष्ट्या हे योग्य असले तरी पाहणाऱ्यास हास्यास्पद वाटते. दृश्य वेग स्वीकारला तर जडत्व गमवावे लागते. ताशी ६० किलोमीटर वेगातील प्रत्यक्ष गाडीची गतिज ऊर्जा तिला १४ मीटर उंच उचलण्याइतकी असते. रोध वजनाच्या सहस्रांशी तीन मानल्यास ती शक्ती बंद केल्यावरही साडेचार किलोमीटरांहून अधिक घरंगळत जाईल. प्रतिकृतीत हे अंतर ५४ मीटर व्हावयास हवे. दृश्य वेगाने चालणाऱ्या लघुगाडीची ऊर्जा मात्र तिला दोन मिलीमीटरही उचलू शकत नाही, आणि शतांश दोन रोध धरल्यास ती नऊ-दहा सेंटीमीटरांतच थांबते.

रुळावरील धुळीचा लहानसा ठिपका वीज क्षणभर तोडतो आणि गाडी थबकते याचे खरे कारण हेच होय. प्रत्यक्ष गाडी ज्या खंडावरून नकळत निघून जाईल, तेथे लघुगाडी अडते. इंजिनात जड गतिचक्र बसविणे, सर्व चाकांतून वीज घेणे, विद्युत्-संचायक जोडणे आणि अंकीय नियंत्रणात वेग हळूहळू वाढेल व उतरेल अशी योजना करणे, हे सर्व उपाय हरपलेल्या जडत्वाची भरपाई करण्याचे आहेत.

५. वीज आणि उलट स्थानक

साध्या दोन-रुळी पद्धतीत एक रूळ धन आणि दुसरा ऋण असतो. मार्ग वळवून पुन्हा स्वतःस मिळविला, की डावा रूळ उजव्यास भिडतो आणि मंडल लघुपथित होते. गाडीचे तोंड फिरविण्यासाठी फास टाकणाऱ्या प्रत्येकास हा अनुभव येतो. तो भाग दोन्ही टोकांस तोडून त्याचा पुरवठा स्वतंत्रपणे उलटविणे, हा त्यावर उपाय आहे.

जागा आणि वीज या दोन्ही अडचणी टाळणारी एक रचना बोर घाटाच्या इतिहासातच आहे. १८६३ साली खुल्या झालेल्या या घाटात खंडाळ्याजवळ उलट स्थानक होते. डोंगराच्या कडेवर वळणास जागा नसल्याने गाडी त्या स्थानकात शिरून थांबत असे, इंजिन दुसऱ्या टोकास लागत असे आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढत असे. १९२०च्या दशकाच्या अखेरीस विद्युतीकरणाच्या सुमारास नवा मार्ग झाला आणि ही पद्धत संपली. खोलीतील मांडणीस ती विशेष सोयीची आहे. वळणाची जागा न लागता उंची मिळते. शिवाय दोन मार्ग एकाच टोकाच्या लाइनीस सांध्याने मिळत असल्याने डावा रूळ डावाच राहतो आणि धन-ऋणाचा संघर्ष उद्‌भवत नाही. इंजिन सोडणे, फिरविणे व पुन्हा जोडणे या क्रियांमुळे गाडी चालविणाऱ्यास खरे काम मिळते, हा तिसरा लाभ होय.

६. विस्ताराची तत्त्वे

घरातील मांडणी बहुधा पूर्ण होत नाही. ती वाढते, घर बदलले की मोडते आणि पुन्हा उभी राहते. म्हणून विस्ताराचा विचार पहिल्या फळीपासूनच केला पाहिजे. अखंड मोठे मेज करण्याऐवजी वेगळ्या होऊ शकणाऱ्या फळ्यांवर मांडणी करणे अधिक हिताचे असते. फळीची लांबी सुमारे १२० सेंटीमीटर आणि रुंदी हात पोहोचेल इतकी, म्हणजे ६० ते ७५ सेंटीमीटर ठेवावी. फळीच्या कडेशी रूळ काटकोनात यावेत. कडेपासून त्यांचे अंतर, जमिनीपासून उंची आणि तारांचे रंग ही सर्व फळ्यांस एकच असावीत. अमेरिकेतील ‘एन-ट्रॅक’ आणि जर्मनीतील ‘फ्रेमो’ या संघटित पद्धती याच तत्त्वावर उभ्या आहेत. तेथे निरनिराळ्या घरांत केलेल्या फळ्या एकत्र आणून एक दीर्घ मार्ग जोडता येतो.

घाटाच्या मांडणीत उंचीचा हिशेब आरंभीच लिहून ठेवणे अपरिहार्य आहे. १ : ३७ च्या चढावाने १२० सेंटीमीटरांची प्रत्येक फळी ३.२४ सेंटीमीटर चढते. कसाऱ्याची फळी आधी केली आणि पुढील फळ्यांच्या उंचीची नोंद केली नाही, तर इगतपुरीची फळी कधीच जुळणार नाही. एक मार्ग दुसऱ्यावरून न्यावयाचा असल्यास फळीच्या जाडीसह सुमारे १० सेंटीमीटर उंची लागते. १ : ३७ ने ती ३.७ मीटरांत मिळते, म्हणजे ५९ सेंटीमीटर त्रिज्येच्या एका पूर्ण फेऱ्यात. सपाट मार्ग आणि चढाव यांच्या सांध्यावर कोन ठेवू नये. तेथे उभे वळण देऊन चढाव हळूहळू वाढवावा, नाहीतर जोडण्या सुटतात.

मांडणीच्या शेवटी आडोशाआड काही समांतर लाइनी ठेवाव्यात. उर्वरित सारा देश म्हणजे या लाइनी, असे समजून गाड्या तेथून याव्यात आणि तेथेच जाव्यात. विस्तार करताना दृश्य भाग व हे लपलेले आवार यांच्यामध्ये नवी फळी घालावी. त्यामुळे जुने काम मोडावे लागत नाही आणि विस्तार चालू असतानाही गाड्या चालू शकतात.

कोकणपट्टी व जव्हारसारख्या अतिवृष्टीच्या प्रदेशात हवामानाकडे विशेष लक्ष पुरविले पाहिजे. मिश्रधातूचा एक मीटर रूळ तपमान दहा अंशांनी वाढल्यास केवळ मिलीमीटराच्या सहाव्या हिश्शाएवढा वाढतो. लाकूड मात्र पावसाळ्यातील दमटपणाने त्याहून पुष्कळ अधिक हलते. चांगल्या प्रतीचे प्लायवुड वापरणे, त्याच्या सर्व कडा व खालची बाजू रोगणाने बंद करणे आणि फळ्यांच्या सांध्यांशी रुळांत बारीक फट ठेवणे, एवढ्याने बहुतेक उपद्रव टळतो. पोलादी रूळ दमट हवेत गंजतात, म्हणून निकेलयुक्त मिश्रधातूचे रूळ घ्यावेत.

घरातील छंद वाढत जाऊन कोठवर पोहोचू शकतो, याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण पुण्यात आहे. भाऊ जोशी यांनी छंद म्हणून जमविलेल्या लघुगाड्यांची आरंभी प्रदर्शने होत. प्रत्येक प्रदर्शनासाठी मांडणी उभारण्याचे व मोडण्याचे श्रम टाळण्यासाठी पुढे कायम स्वरूपाची मांडणी झाली, आणि कोथरूड येथे कर्वे रस्त्यालगत १ एप्रिल १९९८ रोजी ती संग्रहालयाच्या रूपाने लोकांस खुली झाली. एच-ओ प्रमाणातील त्या नगरीत वाफेच्या गाड्यांपासून अतिजलद गाड्यांपर्यंत अनेक प्रकार एकाच वेळी चालतात. तेथे कोणत्याही एका मार्गाची नक्कल नाही. लोहमार्ग ही एक व्यवस्था म्हणून कशी चालते हे दाखविणे, हा तिचा हेतू आहे.

७. प्रतिकृती आणि पुरावा

विद्यापीठीय अभ्यासकांना या विषयाचे अगत्य का असावे, हा प्रश्न उरतो. सिग्नल व गाड्यांचे परिचालन शिकविण्यासाठी रेल्वेच्या प्रशिक्षणसंस्थांनी चालत्या प्रतिकृतींचा उपयोग केलेला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत १९४६ साली निघालेल्या विद्यार्थ्यांच्या लघुलोहमार्ग मंडळाने सांधे व विद्युत्-मंडले यांची जी गुंतागुंतीची यंत्रणा रचली, तिच्यावर हात बसलेले काही विद्यार्थी पुढे संगणकाच्या आरंभीच्या कार्यक्रमलेखनाकडे वळले. हे शैक्षणिक मोल सर्वमान्य आहे. परंतु महाराष्ट्राच्या दृष्टीने आणखी एक मोल आहे. बोर घाटातील उलट स्थानक राहिले नाही. बार्शीचा अरुंदमापी मार्ग २१व्या शतकाच्या प्रारंभी रुंदमापात परिवर्तित झाला. नकाशे, छायाचित्रे व वेळापत्रके त्यांची माहिती देतात. पण इंजिन फिरविण्यास किती हालचाली लागत, एक गाडी स्थानकात असता दुसरीस कोठे थांबावे लागे, हे कळण्यासाठी चालती प्रतिकृतीच लागते.

मात्र प्रतिकृती पुरावा म्हणून स्वीकारावयाची, तर तिच्यातील संकोचांची नोंद असली पाहिजे. कोणते अंतर किती छाटले, कोणत्या वळणाची त्रिज्या किती कमी केली, कोणता बोगदा गाळला, चढाव खरा ठेवला की सौम्य केला, या गोष्टी करणाऱ्यास ठाऊक असतात. पाहणाऱ्यास त्या कळण्याचा मार्ग नसतो. नोंद नसलेली सुबक प्रतिकृती पुढच्या पिढीस खरा मार्ग म्हणून दिसू लागते आणि त्यामुळे ती अभ्यासाला अपायकारक ठरते. म्हणून प्रत्येक फळीच्या खालच्या बाजूस प्रमाण, माप, चढाव, दोन्ही टोकांची उंची आणि मूळ मार्गाशी केलेली तडजोड लिहून ठेवण्याची सवय लावणे इष्ट होय. त्या एका नोंदीमुळे विस्तार सुकर होतो, दुसऱ्या हातांत गेलेली मांडणी पुन्हा जुळविता येते आणि छंदाचे काम अभ्यासाच्या उपयोगी पडते.